मंत्र्याच्या वहीतली हरकत

मी जपानी शिकले, कारण शेजारची मैत्रीण क्लासला एकटी जायला तयार नव्हती. तिने चौथ्या महिन्यात अंग काढून घेतलं आणि मी मात्र एकामागून एक परीक्षा देत बसले. पुण्यात अशा बायका पुष्कळ सापडतात. लग्नानंतर दोह्याला आले. नवरा गॅसच्या कंपनीत, मुलगा इंग्रजी शाळेत, आणि माझं जपानी ठेवणीतल्या शालूसारखं कपाटात. मग वर्ल्ड कप इथे व्हायचं ठरलं, सगळं शहर खणायला काढलं, आणि अल रय्यानच्या बाजूला मोठं बांधकाम घेतलेल्या एका जपानी कंपनीला इंग्रजी आणि जपानी दोन्ही जाणणारी बाई हवी झाली. साइटवरचे इंग्रजी रिपोर्ट जपानीत करून टोकियोला पाठवायचे, तिकडून आलेलं इंग्रजीत करून इथे द्यायचं, एवढंच काम. मी हुरळून गेले होते, हे कबूल करते.

ऑफिसात एक म्हातारे सल्लागार होते. सगळे त्यांना सेन्सेई म्हणत, आपल्याकडे ‘सर’ म्हणतात तसं. निवृत्त झालेल्या माणसाला कंपनीने पुन्हा बोलावून आणलं होतं. टोकियोला जाणारा प्रत्येक कागद त्यांच्या टेबलावरून जाई आणि खाली त्यांचा गोल लाल शिक्का बसे. बायको वारलेली, मुलगी ऑस्ट्रेलियात. द पर्लमधल्या एका फ्लॅटमध्ये ते एकटे राहत. एका हिवाळ्यात त्यांनी मला विचारलं, शुक्रवारी सकाळी दोन तास याल का, थोडं खासगी काम आहे. गाडी पाठवतो म्हणाले.

काम म्हणजे अकरा वह्या. त्यांच्या आजोबांच्या. हे आजोबा महायुद्धाच्या काळात जपानच्या मंत्रिमंडळात मंत्री होते. मला आधी खरंच वाटेना. आपल्या ओळखीत नगरसेवकाचा मेहुणा असला तरी आपण चार लोकांत सांगतो, आणि हा माणूस दोन वर्षं माझ्यासमोर बसून डबा खात होता आणि अवाक्षर बोलला नव्हता. ऑस्ट्रेलियातल्या नातवंडांना जपानी वाचता येत नव्हतं, त्यांच्यासाठी या वह्यांचं इंग्रजी करायचं होतं. कुंचल्याने काढलेलं ते जुनं लपेटीचं अक्षर मला लागणं शक्यच नव्हतं. ते मोठ्याने वाचत आणि मी लॅपटॉपवर इंग्रजी टाइप करत जाई. नातवंडांची अडचण मात्र मला लगेच पटली. माझा मुलगासुद्धा ‘जेवायला ये’ म्हटलं की ‘कमिंग, आई’ म्हणतो.

आपण वह्यांत काय शोधतोय ते सेन्सेईंनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. त्यांच्या घरात लहानपणापासून एक गोष्ट सांगत आले होते: आजोबांनी भर बैठकीत एकदा विरोध केला, म्हणून त्यांना मंत्रिमंडळातून काढलं. तिथली रीत अशी की प्रत्येक निर्णयाला सगळ्या मंत्र्यांची संमती लागे. एकाने जरी सही नाकारली आणि तो राजीनामाही न देता हटून बसला, तर सरकारच पडायचं. “ते पान मला नातवंडांना दाखवायचं आहे,” ते म्हणाले. वडील गेल्यापासून वह्या त्यांच्याकडेच होत्या, पण इतकी वर्षं उघडायचा धीर झाला नव्हता.

मंत्र्यांची सगळी चढती कमान पहिल्या तीन वह्यांत आली. रेशमाच्या कोशांच्या व्यापाऱ्याचा मुलगा. सरकारी परीक्षा पास होऊन कारकून, मग एका लहान जिल्ह्याचा प्रमुख, मग निवडणूक, मग कितीतरी वर्षं संसदेत मागच्या बाकावर. चीनमध्ये युद्ध सुरू झालं. पुढे सगळ्या पक्षांनी आपण होऊन आपापली दुकानं बंद केली आणि एकाच मोठ्या संघटनेत जाऊन बसले. त्या दिवसाची नोंद एवढीच: ‘पक्ष विसर्जित. संध्याकाळी चेस्टनटचा भात.’ मंत्री झाले त्या दिवशी अंगावरचा कोट उसना होता आणि काखेत घट्ट होत होता. बैठकीच्या कागदावर प्रत्येक मंत्र्याला कुंचल्याने आपली एक वळणदार खूण काढावी लागे. तिचा सराव त्यांनी वर्तमानपत्राच्या कडेला केला होता, आणि दोन दिवस हात बसला नाही म्हणून स्वतःवर चिडले होते. मला तो माणूस आवडायला लागला होता. आता त्याचीच चीड येते.

मग मंत्रिपदाच्या वह्या सुरू झाल्या. ‘पाऊस. बैठक. शाळेतल्या मुलींना कारखान्यांत लावण्याचा विषय. इगी नाशी. दुपारी दाढ दुखली.’ ‘ऊन. बैठक. खाणींसाठी समुद्रापलीकडून माणसं आणण्याचा विषय. इगी नाशी. नातवाला पहिला दात आला.’ तो नातू म्हणजे आमचे सेन्सेई. वाचता वाचता ते थांबले, चष्मा पुसला, आणि पुढचं पान उलटलं. खाणीतल्या माणसांबद्दल ते काही बोलले नाहीत, मीही बोलले नाही.

‘इगी नाशी’ म्हणजे हरकत नाही. अध्यक्षांनी विचारायचं आणि बाकीच्यांनी मम म्हणायचं, तसला प्रकार. मराठी माणसाला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. दोह्यात तर आमचं सगळं आयुष्य त्याच्यावरच चाललेलं. नोकरी बदलायची तर आधीच्या मालकाची एनओसी, म्हणजे ना हरकत. मी नोकरी धरली तेव्हा माझ्या कागदांत नवऱ्याची ना हरकत. पण मराठीत आपण ‘हरकत नाही’ कशालाही म्हणतो. पाहुणा चहा नको म्हणाला, हरकत नाही. बस चुकली, हरकत नाही. डोक्यातल्या त्या मराठीवरून माझा हात घसरला आणि मी सगळीकडे ‘नो प्रॉब्लेम’ टाइप करून ठेवलं. दोन वह्या झाल्या तरी माझ्या लक्षात आलं नाही. शाळकरी मुली कारखान्यात, नो प्रॉब्लेम. खाणीत परमुलखातली माणसं, नो प्रॉब्लेम. शेवटी ऑस्ट्रेलियातून नातीची मेल आली, खापरपणजोबा भलतेच कूल होते म्हणून.

सेन्सेईंनी ती मेल मला वाचायला दिली. मी हसले. ते हसले नाहीत. कागद घेऊन मला लहान मुलीला शिकवावं तसं समजावलं, की ‘इगी’ म्हणजे हरकत, हरकत घेण्याचा अधिकार असलेल्या माणसाने ती घेतली नाही, असा याचा अर्थ. मी खाली मान घालून सगळीकडे ‘नो ऑब्जेक्शन’ करून टाकलं. संगणकाने एका झटक्यात सगळे शब्द बदलले.

त्या उन्हाळ्यात आमच्या साइटवर एक माणूस गेला. सळ्या बांधायचं काम करायचा, बीडकडचा होता. त्याच्या बायकोचा भाऊ आमच्याच कंपनीत ड्रायव्हर, आणि दर शुक्रवारी मला पर्लला नेणारा तोच. उन्हाळ्यात दुपारी उघड्यावर काम बंद ठेवायचा नियम होता. पण दुसऱ्या दिवशी सकाळी तपासणी होती आणि सळ्या पुऱ्या व्हायच्या होत्या, म्हणून यल्ला यल्ला, चला चला करत काही माणसं वर स्लॅबवर ठेवली होती. हे मला फोरमनच्या इंग्रजी चिठ्ठीवरून कळलं. तिच्यात वेळ होती, उघडा स्लॅब होता, आणि त्याने पडण्याआधी दोनदा पाणी मागितलं होतं हेही होतं. मी सगळं जसंच्या तसं जपानीत केलं.

सेन्सेईंनी पेन्सिल घेतली आणि तीन ठिकाणी गोल काढले. वेळ, जागा, पाणी. “हे शब्द जरा कडक आहेत,” ते म्हणाले. “टोकियोतले लोक अडचणीत येतील.” वेळ आणि जागेऐवजी ‘विश्रांतीच्या वेळेत’ एवढं पुरे, आणि पाण्याचा उल्लेख नकोच. फॉर्ममध्ये एक रकाना होता, जुना आजार होता का? मी ‘माहिती नाही’ लिहिलं होतं. तिथे ‘शक्यता नाकारता येत नाही’ लिहिता येईल, म्हणाले, शक्यता तर कुणाच्याही बाबतीत असतेच. आणि मग माझ्याकडे बघत थांबले. त्यांची ही पद्धतच होती, समोरच्याने हो म्हटल्याशिवाय त्याच्या कागदातला काना-मात्रा बदलत नसत. मला ‘नाही’ म्हणता आलं असतं. नोकरी गेली असती का? बहुतेक नाही. जरा अवघडलेपण आलं असतं, एवढंच. मी मान डोलावली आणि मनात जे शब्द आले ते मराठीतच आले. हरकत नाही. त्यांनी शिक्का मारला.

इथवर निम्मा दोष मी त्यांच्यावर ढकलू शकते. पुढचा सगळा माझा आहे. चार दिवसांनी त्या माणसाच्या घरच्यांना द्यायचं पत्र इंग्रजीत करायचं होतं, त्याच जपानी कागदावरून. ‘जुन्या आजाराची शक्यता नाकारता येत नाही’ हे इंग्रजीत फार लांबलचक आणि ओबडधोबड होत होतं. मी ते सुटसुटीत केलं. ‘जुन्या आजारामुळे, विश्रांतीच्या वेळेत.’ मला तसं करायला कुणीही सांगितलं नव्हतं. वाक्य छान बसलं म्हणून मला बरं वाटलं होतं, ते समाधानसुद्धा मला लख्ख आठवतं. शक्यता तेवढी मधल्यामध्ये गळून गेली.

ड्रायव्हर मेहुण्याचा मृतदेह घेऊन गावी गेला आणि दीड महिन्याने परत आला. पहिल्याच शुक्रवारी पर्लला जाताना मी त्याला अल मन्सूऱ्यात पोहे आणि कढीपत्ता घ्यायला थांबायला सांगितलं. मी पिशवी घेऊन गाडीत बसले तरी त्याने गाडी सुरू केली नाही.

“ताई, ह्या कागदात काय लिव्हलंय ते एकदा नीट वाचून दाखवा की,” तो म्हणाला.

कागद प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला होता. मी वाचला, मराठीत करून सांगितला. माझंच वाक्य.

“दाजीला आजार? ताई, दाजी दोन मानसांचं वझं एकटा उचलायचा. हितं येताना तपासनी झाली, तवा काई निघालं नव्हतं.” मग तो पुढे काचेतून बघत बोलत राहिला. “गावात मास्तरनं ह्यो कागद समद्यांम्होरं वाचून दावला. तवापून बहिनीचं सासर तिच्यावर उठलंय. तुला ठावं व्हतं म्हनत्यात, आजारी मानसाला तूच धाडलं. घरातून नीघ म्हनत्यात, लेकरं आमची हायेत, तू जा.”

मी कागद पुन्हा प्लास्टिकच्या पिशवीत सरकवला.

“तुमी हापिसात हायेत. निस्तं मराठीत लिहून द्या, की मानूस धडधाकट व्हता आन् उन्हात पडला. खाली सही करा. सरकारला न्हाई दावायचं. तिच्या सासऱ्याला दावायचं. म्या सांगितलं तर म्हनत्यात, बहिनीची बाजू घेतो.”

कंपनीत तोंड उघडणं त्याला शक्य नव्हतं. त्याची स्वतःची एनओसी याच कंपनीच्या कपाटात होती. त्याला त्या कागदाचं भाषांतर कुणी केलं हे माहीत नव्हतं, आणि मी सांगितलं नाही. ‘बघते’ म्हणाले. वर ‘इन्शाल्ला’सुद्धा म्हणाले. आज लिहिताना लाज वाटते.

त्याच सकाळी आम्ही दहाव्या वहीत ‘तो’ दिवस गाठला. मंत्रिमंडळ बदलायच्या थोडं आधीचा. सेन्सेईंना महिना पाठ होता, घरच्या गोष्टीतला महिना. ते हळूहळू वाचत होते. ‘अंगात ताप. सर्दी. बैठकीला गेलो नाही. दुपारी कागद घरी पाठवला. अंथरुणात बसूनच खूण काढली. हात थरथरल्यामुळे नीट आली नाही. इगी नाशी. रात्री पेज.’ त्यांनी ते दोनदा वाचलं. पुढच्या पानांवरही काही नव्हतं. नव्या यादीत नाव नाही, थोडं मोकळं वाटलं, थोडं वाईट वाटलं, एवढंच. विरोध म्हणून घरात जे सांगत आले ते पडसं होतं.

शेवटच्या वहीत उरलेला जन्म आहे. युद्ध हरल्यावर अशा लोकांना सरकारी पदांची बंदी झाली. मंत्र्यांनी परसात मुळे लावले. बंदी उठली, पुन्हा उभे राहिले, पुन्हा निवडून आले, गावातल्या पुलाच्या उद्घाटनाला शांततेवर भाषण केलं, लोक रडले म्हणे. ‘भाषण चांगलं झालं. आवाज पोचला.’ म्हातारपणी घरच्या गादीवर झोपेत गेले, हे सेन्सेईंनी सांगितलं.

“हे पान गाळायचं का?” त्याच सकाळी मी विचारलं. सर्दीचं पान.

“नाही. अगदी जसंच्या तसं करा,” सेन्सेई म्हणाले. त्यांचा चेहरा एकदम म्हातारा झाला होता. “मुलांना खरं कळलं पाहिजे.”

मी ते पान टाइप केलं. मग माझं डोकं सणकलं. मी लॅपटॉप मिटला आणि सगळं सांगितलं: ड्रायव्हरची बहीण, तिचं सासर, गळून गेलेली शक्यता. नवीन पत्र काढू या म्हटलं, दोन ओळींचं. माझी चूक म्हणून काढा, मला चालेल. ते बराच वेळ बोटांनी वहीची कड सारखी करत राहिले.

“दुरुस्ती काढली तर आधीच्या कागदावर कुणाकुणाचे शिक्के आहेत ते विचारतील,” ते म्हणाले.

“तुमचा आहे,” मी म्हटलं. जपानीत असं कुणी कुणाला तोंडावर म्हणत नाही.

“आजोबांचा कागद माझा आहे. हा कंपनीचा आहे,” ते म्हणाले, आणि उठून माझ्यासाठी चहा करायला गेले. चहा मी प्यायले, हेही लिहून ठेवते. सत्तर वर्षांपूर्वीच्या कागदाशी तो माणूस पूर्ण प्रामाणिक राहिला. महिन्या-दोन महिन्यांपूर्वीच्या कागदाशी त्याला आणि मला जमलं नाही.

घरी नवऱ्याला सांगितलं. तो वाईट माणूस नाही. तो म्हणाला, सही करून लेखी देऊ नकोस, कागद कुठे फिरेल सांगता येत नाही, आपला सगळ्यांचा व्हिसा माझ्या नोकरीवर आहे, मुलाची दहावी आहे. सगळं खरं होतं. मी रोज ठरवायचे आणि रोज काहीतरी निघायचं. ड्रायव्हरने पुन्हा एकदाही विचारलं नाही. नुसतं दार उघडताना माझ्याकडे बघायचा. तीन आठवडे गेले.

शेवटी एका गुरुवारी ऑफिसातच कागद घेतला आणि मराठीत लिहिलं. वेळ, उघडा स्लॅब, दोनदा मागितलेलं पाणी, जुन्या आजाराचा काहीही पुरावा नाही, पत्रातलं वाक्य माझ्या हातून चुकीचं लिहिलं गेलं. खाली पूर्ण नाव घालून सही केली. इतकं सरळ मराठी मी किती वर्षांत लिहिलं नव्हतं. चार वाजता ड्रायव्हरच्या गाडीत बसले आणि म्हटलं, बहिणीला फोन लाव, कागदाचा फोटो पाठवायच्या आधी मला तिच्याशी बोलायचंय.

त्याने फोन स्पीकरवर लावून मधल्या जागेत ठेवला. मागे भांड्यांचा आवाज येत होता. मी कोण ते सांगितलं. म्हटलं, “तुमचे मालक धडधाकट होते. उन्हात काम करताना पडले. कागदात आजाराचं लिहिलंय ते खोटं आहे, आणि ते माझ्या हातून लिहिलं गेलंय. मी तसं लिहून देतेय, सहीनिशी.”

ड्रायव्हरने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी फोनकडे बघत राहिले.

पलीकडचा भांड्यांचा आवाज थांबला. मग ती अगदी हळू आवाजात, कुणी ऐकू नये तशी, म्हणाली, “नका धाडू, बाई.”

“का? सासऱ्यांना दाखवा ना.”

“परवा म्या त्यांच्या पायावर हात ठिवला. म्हनलं, व्हय, मला ठावं व्हतं. आजार ठावं असून मीच धाडलं. तसं म्हनल्यावर ऱ्हा म्हनले. आता लेकरांजवळ ऱ्हाऊ द्यायलेत. आता तुमचा कागद आला तर मी दोन्हीकडून खोटी.”

ड्रायव्हर तिला काहीतरी समजवायला लागला. तिने त्याला बोलू दिलं नाही.

“लेकरांलाबी तसंच सांगितलंय, दादा. थोरली इचारत व्हती. म्हनलं, तुझ्या बापाला बरं नव्हतं, आन् मीच जा म्हनले.”

मागून कुणीतरी तिला हाक मारली आणि तिने फोन ठेवला.